चौदा नंबरचा हात

१

काकांच्या घरात हातानं घडवलेल्या एक्केचाळीस सुऱ्या होत्या, आणि काकू टोमॅटो चिरायची ती बाजारातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीनं. तिची धार बोथटली की काकू कप उपडा घालून त्याच्या बुडावर ती दोनदा घासायची. काका डोळे मिटून घ्यायचे. काकू म्हणायची, "चिरला ना टोमॅटो? मग झालं तर."

त्या एक्केचाळीस काकांच्या खोलीत, कुलपाच्या कपाटात. वरचे तीन खण संग्रहाचे, खालचे दोन गुंतवणुकीचे. कॉलेजसाठी मी या घरी राहायला आले त्याच आठवड्यात काकांनी मला हा फरक समजावला होता. संग्रहातली सुरी सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायची, तिनं सफरचंद कापायचं, पुसून परत ठेवायची. गुंतवणुकीतल्या सुरीला मात्र सुती हातमोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही. तिनं काही कापायचं नाही, तिला धार लावायची नाही. घडवणाऱ्यानं जशी दिली तशीच ती दहा वर्षांनी गिऱ्हाइकापुढे ठेवता आली पाहिजे. "तिचं काम एकच," काका म्हणायचे. "कुणाचीही न होणं."

काका गेल्याला चार महिने झाले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा, लांब नोकरीला. सुऱ्या विकायच्या ठरल्या आणि त्यांची यादी करायचं काम त्यानं फोनवरून माझ्या गळ्यात घातलं. नंबर, वजन, लांबी, अवस्था. "भागूबाई, बोटं सांभाळ हं," म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी घाबरट आहे हे घरात जगजाहीर आहे. दाराची बेल वाजली तरी मी दचकते. प्रयोगशाळेत कुणाच्या हातून काचेचं पात्र फुटलं की पहिली किंकाळी माझी असायची. पण त्यानंतर प्रयोग पुरा करणारीही मीच असायचे. हे दुसरं वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही.

२

सुऱ्या बघायला आले त्या व्यापाऱ्यांना काका 'भिंगवाले' म्हणत. डाव्या डोळ्याला छोटं भिंग लावून ते तासभर एकेक सुरी बघत होते. समोरचा चहा पार निवला होता. तेरा सुऱ्यांना नुसते हुंकार दिले. चौदावी हातात घेतली आणि भिंग काढून माझ्याकडे बघितलं.

"ही वापरलीय."

"नाही हो. खालच्या खणातली आहे. गुंतवणुकीतली."

"ते मला नका सांगू ताई, हिला सांगा."

त्यांनी दाखवलं. पात्याच्या कडेनं घासल्याच्या बारीक रेघा होत्या, एकावर एक, पुन्हापुन्हा धार लावल्याच्या. अक्रोडाच्या लाकडाची मूठ बोटं टेकतात तिथं काळपट, गुळगुळीत झाली होती. डबीत कारागिराच्या अक्षरातलं कार्ड होतं: वजन २१२.४ ग्राम. काट्यावर भरलं २०९.८.

"अडीच ग्राम पोलाद दगडावर गेलंय. रोज एक माणूस हिच्यावर स्वयंपाक करतोय म्हणा ना. संग्रह म्हणून कुणी घेईल हौसेनं. गुंतवणूक म्हणून ही मेली."

दुपारी दादाचा फोन आला तो सगळं ठरवूनच. "आई करत असणार. दुसरं आहे कोण घरात? तू तर सुरी बघून खोलीबाहेर जातेस. दोनदा गॅस चालू ठेवला तिनं, आठवतंय ना? आता धारदार सुऱ्या काढते आणि तिला पत्ता नाही. हे बघ, मी एका संस्थेत बोललोय. चांगली आहे, चोवीस तास माणसं असतात. महिनाअखेरीला मी येतो आणि तिला पोचवतो."

"दादा, मी आहे ना इथं."

"तू आज आहेस. उद्या नोकरी लागेल, उडून जाशील."

फोन ठेवला तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओले हात साडीला पुसत होती, पुसून झाले तरी.

"मी नाही गं घेतली," ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडेच बघत, "नाही ना घेतली मी?"

ज्या बाईनं चार वर्षं माझ्या परीक्षांना माझ्याबरोबर जागून काढली, तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली होती. मी ठरवलं, महिनाअखेरीच्या आत हे काकूचं काम नाही हे सिद्ध करायचं. कागदावर, आकड्यांनिशी.

३

कपाटाची किल्ली मी गोफात ओवून गळ्यात घातली. आंघोळीलाही काढली नाही. रोज सकाळी नऊला हातमोजे घालून चौदा नंबर काट्यावर ठेवायची. शेजारच्या तेरा आणि पंधरा नंबरांचंही वजन करायचं, म्हणजे काटाच गंडला असेल तर कळेल. काट्याची परीक्षा म्हणून आधी त्याच त्या दहा नाण्यांची चळत.

नाणी रोज तेवढीच. तेरा तेवढीच. पंधरा तेवढीच.

चौदा: २०९.८. २०९.६. २०९.६. २०९.३.

चौथ्या दिवशी आकडा वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मी स्वतःला समजावलं. तेल उडून जात असेल. मग बाकीच्यांचं का नाही उडत? लाकूड सुकत असेल. पण लाकूड सुकल्यानं पात्यावर रेघा येत नाहीत. आणि रेघा नवीन होत्या. मी मोबाइलवर रोज फोटो काढत होते.

पाचव्या दिवशी दुसरी एक गोष्ट दिसली. काकू फळीवर चिरत नाही. भाजी हातात धरते आणि सुरी अंगठ्याकडे ओढत थेट पातेल्यात कापते. बघताना माझा जीव वरखाली होतो. स्वयंपाकघरातली लाकडी फळी काकांनी हौसेनं आणलेली, भिंतीला टेकून नुसती उभी असायची. ती मी सहज पालथी केली. मागच्या बाजूला कापल्याच्या खुणा होत्या. शेकडो. आखणीच्या वहीसारख्या, सारख्या अंतरावर, इतक्या जवळजवळ की दोन खुणांमध्ये नखही बसलं नसतं.

त्या दिवशी जेवताना मी काकूला विचारलं, "तुझ्या बहिणीकडे जाऊन ये की चार दिवस."

"का गं? मला घालवायची घाई तुलाही झाली का?"

"उलट," मी म्हणाले. "तुला ठेवून घ्यायचंय."

४

काकू गेली. पहिले दोन दिवस मी घरात एकटी होते, आणि आकडा घसरतच होता. २०८.९. २०८.७.

म्हणजे काकू नाही. इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. आणि टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच कळलं, काकू नाही म्हणजे काय ते.

सकाळचे अकरा वाजले होते. उन्हाची पट्टी फरशीवर आली होती, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मी काकांच्या खोलीत कपाटाला कुलूप लावून तिथंच खुर्चीत बसले होते. स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक टक टक टक टक.

घाईचा नव्हता. सवयीच्या हातानं कुणी कामाला लागावं तसा, एका लयीत. मी दचकले नाही. हेच मला अजून विचित्र वाटतं. दचकायला काहीतरी एकदम व्हावं लागतं. हा आवाज मात्र आधीपासून चालू होता आणि मला आत्ता ऐकू आला, असं वाटलं.

पाय उचलायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मी दारापर्यंत गेले तेव्हा आवाज थांबला. फळी ओट्यावर आडवी होती, ओली. ओट्यावर काही चिरलेलं नव्हतं. परत येऊन कुलूप काढलं, खण ओढला. चौदा नंबर डबीत होती. पात्यावर पाण्याचा एक थेंब.

दादाला फोन लावायला मी नंबर काढला आणि थांबले. काय सांगणार? आई नाही म्हटलं तर तो म्हणेल, मग तू. आणि यातलं काही सांगितलं तर संस्थेत एकाऐवजी दोन खाटा बघेल.

५

कार्डावर कारागिराचा पत्ता होता. बसनं दीड तास. पत्र्याची शेड, आत कोळशाची भट्टी, दगडी चाक, भिंतीला दोरीवर चिमट्यांनी लावलेले कागदच कागद. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं काढलेला एकेक हात.

"मोठ्यानं बोल, पोरी," कारागीर म्हणाले. "चाकानं कान खाल्लेत माझे."

मी काकांचं नाव सांगितलं, फोटो दाखवला. ते चष्मा कपाळावर ढकलून खूप वेळ मोबाइल बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं.

"अरे वा. वापरतोय म्हणजे."

"कोण?"

"ज्याची आहे तो. तुमच्या घरात माझ्या पाच सुऱ्या. तीन कपाटात लोळतायत, एक तुझ्या काकांनी सफरचंदावर वाया घालवली. ही एकच कामाला लागली. बरं वाटलं. मूठ बघ कशी मुरलीय."

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. मापाचा हात आल्याशिवाय ते सुरी करायला घेत नाहीत. हात कागदावर ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि तो कागद त्यांना द्यायचा. मूठ त्या हाताची. आणि एका हाताला एकच सुरी, दुसरी मागायची नाही. माझा कागदही तिथं होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षी काकांनी माझ्या हाताभोवती पेन्सिल फिरवून नेलेला. काकूचा, दादाचा, काकांचाही.

"आणि या सुरीचा, चौदा नंबरचा?"

त्यांनी दोरीवरून पाचवा कागद काढला. मी हातात घेतला आणि काय चुकतंय ते शोधत राहिले. पाच बोटं होती, सगळं जागच्या जागी. पण करंगळी अंगठीच्या बोटाएवढी लांब होती. अंगठा फार खालून, जवळजवळ मनगटातून निघाला होता. आणि रेघ थरथरलेली नव्हती. खऱ्या हाताभोवती पेन्सिल फिरवताना रेघ बोटांच्या बेचक्यात अडखळते. ही कुठंच अडखळली नव्हती.

"मी विचारलं होतं, कुणाचा म्हणून," कारागीर म्हणाले. "तुझे काका म्हणाले, आहे एकाचा. मी म्हटलं, हात दिलात ना, मग झालं. सुरी त्याची."

घरी आल्यावर काकांची फाइल काढली. शोधावंही लागलं नाही. एकाखाली एक सात कागद, खोडलेले, पुन्हा काढलेले. या कारागिराच्या सुऱ्यांचा भाव चढायला लागला होता. काकांना गुंतवणुकीसाठी एक आणखी हवी होती, आणि घरातले हात संपले होते. शेजाऱ्याचा, मित्राचा हात दिला असता तर सुरी त्या माणसाची ठरली असती. काकांना कुणाचीच नसलेली सुरी हवी होती. म्हणून त्यांनी कुणाचाच नसलेला हात काढला. सातव्या कागदावर तो जमला होता; कारागिराकडे गेली ती त्याचीच नक्कल. कोपऱ्यात बारीक अक्षरात काकांनी लिहिलं होतं: 'हा खरा वाटतो.'

६

काकू परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, मी भिंगवाल्यांना बोलावून घेतलं आणि दादाला व्हिडिओवर. फोन टेबलावर बरणीला टेकवून उभा केला. काकू कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, खुर्चीत ताठ बसली होती, जणू परीक्षेलाच.

"लवकर आटप," दादा म्हणाला. "मला मीटिंग आहे."

मी चौदा नंबर टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवली. मुठीवर बोटांच्या जागा झिजून पडल्या आहेत, मी म्हणाले. जो वापरतो त्याची बोटं तिथं बसली पाहिजेत. काकू, धर.

काकूनं धरली. तिची करंगळी खळग्यापासून बोटभर अलीकडे राहिली. अंगठ्याची झिजलेली जागा तिच्या तळहाताखालीच दडली. मग मी धरली. माझीही तीच गत. भिंगवाल्यांचा पंजा चांगला रुंद. त्यांनी धरली, बोटं सरकवून बघितली आणि एकदम कापडावर सोडून दिली.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी हात पँटला पुसला. "कोमट आहे."

"यानं काय सिद्ध होतं?" दादा स्क्रीनमधून म्हणाला. "आई कशीही धरत असेल. तुम्ही सगळे मिळून तिला पाठीशी..."

टक टक टक टक टक.

आम्ही तिघंही टेबलापाशीच होतो. दादा ओरडला, "हे बघा! ऐका, ऐका! आई आत्ता आत चिरतेय. कुणीतरी जा ना, बोट कापून घेईल ती!"

काकू खुर्चीतून पुढं झुकली. आपला चेहरा त्याच्या स्क्रीनवर भरून राहील एवढा जवळ नेला.

"मी इथं आहे रे," ती म्हणाली.

भिंगवाल्यांनी टेबलाकडे बघितलं म्हणून मीही बघितलं. पांढरं कापड सपाट होतं. त्यावर मुठीच्या आकाराची एक सुरकुती, बस्स.

"मी येतो नंतर," भिंगवाले म्हणाले आणि उठले. पण दाराकडे जायचं तर स्वयंपाकघरासमोरून जावं लागतं. ते उभेच राहिले.

७

जायचं तर मलाच होतं. काकूला मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. पॅसेज नऊ पावलांचा आहे, मी मोजली. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. दिसायला अडचण अशी काही नव्हतीच.

फटीतून ओट्याचा तुकडा दिसत होता आणि फळी. पातं वर जात होतं, खाली येत होतं. मूठ ज्या हातात होती तो हात त्या मुठीवर इतका बरोबर बसला होता की क्षणभर मला ते बघून बरंच वाटलं. मग दिसलं की बोटांना नखं नव्हती. पेरांवर रेषा नव्हत्या. काढलेल्याच नव्हत्या त्या. करंगळी लांब होती, अंगठा खालून आला होता आणि हाताची कड कुठंच अडखळत नव्हती. मनगटापर्यंत मला दिसलं. त्याच्यापुढं दाराची फळी येत होती. पलीकडे काही आहे की नाही हे बघायला एक पाऊल पुढं टाकायला हवं होतं. ते मी टाकलं नाही. तेवढी बुद्धी मला होती.

"सुरी तुमची आहे," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले. "तुमचीच आहे. कुणाची नाही म्हणून ठेवली, ते काकांचं चुकलं. तुम्ही घ्या ती. कुणी विकणार नाही. पण हे घर काकूचं आहे. तिच्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये."

पातं वरच राहिलं.

माझ्याकडे बघायला तिथं काही नव्हतं, तरी आपल्याकडे बघितलं जातंय हे कळतं तसं कळलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. पळायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी पळाले तर महिनाअखेरीला काकू जाईल.

मग आवाजच आला नाही. मी दहापर्यंत मोजलं, पुन्हा दहापर्यंत, आणि दार ढकललं. फळी ओली होती. ओट्यावर कुणी नाही, सुरी नाही.

८

चोर होता, असं ठरलं. भिंगवाले तर शपथेवर सांगतात. किल्लीची नक्कल केलेला, घराची माहिती असलेला, मागच्या दारानं पळालेला. दादा त्या दिवशी काकूशी अर्धा तास बोलला आणि रडला. संस्थेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी काकूची तपासणी केली आणि म्हणाले, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. चाळीस सुऱ्या भिंगवाल्यांनी नेल्या, पॅसेजमध्ये पाऊल न टाकता. मी त्या बाहेरच्या दारापर्यंत आणून दिल्या. यादीत चौदापुढं मी लिहिलं, 'विक्रीस नाही', आणि त्यांनी काही विचारलं नाही.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागत होती. मी नको म्हणून कळवलं. काकू रागावली, म्हणाली, "आता कशाला अडकतेस? मी ठणठणीत आहे." मी म्हटलं, तुझ्या हातचं खाऊन वजन वाढवायचंय मला. ती हसली. ती आता स्वयंपाकघरात गुणगुणते. तिथं एकटी, निर्धास्त, पाठ दाराकडे करून.

मी तिला तसं एकटं फार वेळ राहू देत नाही. काहीतरी निमित्त काढून आत जाते, पाणी पिते, ओट्याला टेकून उभी राहते. कारण त्या दिवशी मी दार ढकलून आत गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. खिडकीला गज आहेत. मी ती कडी काढली, दार सताड उघडलं, आणि मगच सगळ्यांना हाक मारली.

हे सांगितलं तर काकूला इथून हलवतील. म्हणून मी सांगत नाही, आणि हलतही नाही.